दिनकर हसत होता तो हिवाळा

यंदा थंडी उशिरा आली, पण आल्या आल्या कामाला लागली. सकाळी दुधाला निघालो तर कोपऱ्यावरच्या भाजीवालीने पोत्यावर भरताची वांगी मांडून ठेवलेली. आमच्या जळगावकडची ती फिकट हिरवी, पांढरट झाक मारणारी वांगी. हातात घेतलं तर तळहात भरून उरावा आणि वजन मात्र काहीच नाही. मी एक उचललं, देठ पाहिला, बोटाने दाबलं, कानाशी नेऊन हलवलं. वांगं कानाशी नेऊन काय कळतं हे मला आजतागायत माहीत नाही, पण असं केलं की भाजीवाल्या जरा वचकतात. "घ्या ना काका, बी सापडनार नही," ती म्हणाली. मी जाणकाराच्या थाटात मान डोलावली, वांगं होतं तिथे ठेवलं आणि पालकाची जुडी घेऊन घरी आलो.

बायकोने पालकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वांगी आली वाटतं बाजारात," एवढंच म्हणाली आणि पालक निवडायला बसली.

माझं शरीर हा एक विनोदच आहे. ती वांगी दिसली की तोंडाला पाणी सुटतं आणि त्याच क्षणी पोटात खड्डा पडतो. दोन्ही एकदम. एखाद्या घरात बारसं आणि सुतक एकाच दिवशी निघावं, आणि आलेल्या पाहुण्याला हसावं की तोंड पाडावं ते कळू नये, तसं. हा पाहुणा गेली कित्येक वर्षं दर थंडीत माझ्या उंबऱ्यावर असाच अवघडून उभा असतो.

खानदेशातल्या माणसाला थंडीचं एवढं अप्रूप का, ते इथला मे महिना काढल्याशिवाय कळायचं नाही. भट्टीतून निघालेली माणसं थंडी पडली की लग्नघरासारखी वागायला लागतात. कपाशीची वेचणी संपत आलेली असते, बांधाबांधाला वाळल्या काड्यांचे ढीग पडलेले असतात. त्या काड्यांचा जाळ मोठा बोलका. चटकन पेटतो, कडकड वाजतो, ठिणग्या उडवतो. त्यात वांगी टाकायची. साल काळी पडते, फुगते, देठाजवळून बारीक शीळ घालत वाफ निघते. मग बोटं पोळून घेत सोलायचं, भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून लाकडी मुसळाने ठेचायचं, वर कांद्याची पात, शेंगदाणे, आणि तेल सोडताना हाताला लाज वाटू द्यायची नाही. केळीचं पान, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. भरीत पार्टीला ज्याने कुणाला बोलावलं नाही तो माणूस आमच्याकडे कंजूष ठरतो, आणि ज्याने पुन्हा पुन्हा बोलावलं तो देवमाणूस. या हिशोबात तिसऱ्या माणसाला जागाच नाही. दिनकर तो तिसरा निघाला.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. जळगावात कालव्यांचे नकाशे काढणारं एक ऑफिस होतं, नाव सांगत नाही, तिथे मी कारकून होतो आणि दिनकर ट्रेसर. म्हणजे इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद पसरून काळ्या शाईने रेघ ओढायची. श्वास रोखून रेघ ओढायचा तो. त्याच्या टेबलाशी गेलं की शाईचा आणि प्रिंट काढायच्या खोलीतल्या अमोनियाचा वास यायचा आणि माणूस आपोआप हळू बोलायला लागायचा. मी सोडून. ऑफिसातला विदूषक मी होतो. एका मयतीला मी तिरडी बांधणाऱ्यांनाही हसवलं होतं, आणि हे मी स्वतःच चारचौघांत सांगायचो, एवढी ती मला थोर कामगिरी वाटायची. दिनकर माझ्या विनोदांना नुसता ओठाच्या कोपऱ्याने हसायचा. तेवढ्यासाठी मी दिवसभर झटायचो.

त्या वर्षी थंडी पडली आणि हा अबोल माणूस बोलायला लागला.

पहिली पार्टी एरंडोलच्या रस्त्याला त्याच्या थोरल्या भावाच्या, आबांच्या शेतात झाली. दिनकरने मुसळ हातात घेतलं आणि असा काही सुटला की मी तोंडात घास तसाच धरून बसलो. साहेबाची चालायची ढब, आमच्या हेडक्लार्क नानांचं नाक शिंकरणं, आणि चक्क माझी, वांगं कानाशी नेण्याची सवय, सगळं त्याने उभं केलं. माणसं लोळून हसली. मला, खरं सांगतो, थोडं जळायला झालं. गावात दुसरं हॉटेल निघाल्यावर जुन्या हॉटेलवाल्याला होतं तसं. मग पुढच्या रविवारी पुन्हा पार्टी. मग रविवारची वाट बघणं संपलं. त्याने प्रिंटवाल्यांना बोलावलं, जीपच्या ड्रायव्हरांना बोलावलं, शेजारच्या ऑफिसला बोलावलं, एकदा स्टँडवर ओळख झालेल्या वरणगावच्या एका अख्ख्या कुटुंबाला घेऊन आला आणि त्यांची नावं मात्र त्याला सांगता येईनात. भरीत डब्यात भरून मुंबईला पाठवायची त्याची योजना होती. तापीचं पाणी उलटं डोंगरावर चढवायची दुसरी होती, आणि तिचा नकाशा त्याने घरच्या भिंतीवर, थेट चुन्यावर, शाईने काढला होता. आम्ही तो बघायला गेलो. काय रेघ होती! मी म्हटलं, "दिनकर, साहेबाला भिंत उचलून नेऊन दाखव." तो म्हणाला, उद्याच गवंडी बोलावतो. आम्ही हसलो. त्याने खरंच बोलावला होता, हे नंतर कळलं.

झोपतोस कधी रे, असं कुणीतरी विचारलं. झोप ही एक सवय आहे आणि ती मी सोडली, तंबाखूपेक्षा सोपी निघाली, असं तो म्हणाला. हे वाक्य मी पुढे आठवडाभर ऑफिसात खपवलं, अर्धं श्रेय घेऊन.

एक दिवस तर मी त्याचा राज्याभिषेक केला. शेतात, जाळाशेजारी, केळीच्या पानाचा मुकुट, वांग्यांच्या देठांचा हार. मी भालदार. 'भरीतसम्राट दिनकर महाराज' अशी ललकारी दिली. तो बाजेवर उभा राहिला आणि बोलायला लागला. बोलत राहिला. भाकऱ्या निवल्या, जाळ विझला, लोक सायकली शोधायला लागले, तरी तो बोलतच होता, आणि त्याचे डोळे असे चमकत होते की मला वाटलं जाळाचं प्रतिबिंब आहे. जाळ तर विझलेला होता. पण एवढं ध्यानात यायला माणसाने टाळ्या वाजवायचं थांबायला हवं.

इंदूवहिनी, दिनकरची बायको, पिंपळनेरकडची. शांत, चार शब्दांत काम भागवणारी. ती एकदा आमच्या घरी आली, चहाला नको म्हणाली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "भाऊ, त्या झोपतस नही. हासतस, बोलतस, पन डोळा मिटतस नही. माले भ्याव वाटस."

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "वहिनी, नवरा हसतो म्हणून तक्रार घेऊन आलेली पहिली बाई तुम्ही. आमच्याकडे तर हसला म्हणून पेढे वाटतील." माझी बायको आतून हसली. वहिनीही हसल्या, पाहुण्यांच्या घरी हसतात तसं, आणि पदर सावरून गेल्या. हा विनोद तेव्हा चांगला वठला होता. आज तो आठवला की चटका बसल्यासारखी जीभ मी टाळूला लावून धरतो.

वेडा म्हणजे कोण, याचं चित्र आमच्या डोक्यात पक्कं होतं. एस.टी. स्टँडच्या मागे फाटका कोट घालून फिरणारा, स्वतःशी बोलणारा, पोरांनी खडे मारले की धावून जाणारा. दिनकरच्या कपड्यांना इस्त्री होती. तो आम्हाला जेवू घालत होता. जेवू घालणाऱ्या माणसाच्या तब्येतीची चौकशी कोण करतो? आम्ही पान पुढे करत होतो, आणि तो वाढत होता, आणि त्या पानावर त्याचा आजार पडत होता आणि आम्ही वर तेल मागत होतो.

संक्रांत झाली आणि दिनकर विझला.

हळूहळू वगैरे काही नाही. दिवा गेल्यावर खोलीत जे होतं ते. ऑफिसला येईना. गेलो तर तो खुर्ची भिंतीकडे वळवून बसलेला, त्याच त्या तापी डोंगरावर चढवलेल्या भिंतीकडे. दाढी वाढलेली, अंगाला वास. समोर चहावर साय धरलेली. मी नानांचं नाक शिंकरून दाखवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "वसंता, तुला उगाच माझ्यासाठी यावं लागलं." मी म्हटलं, उगाच काय, फुकटचा चहा आहे. तो म्हणाला, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास." हे त्याने इतक्या सरळ सांगितलं, जणू आज बाजार बंद आहे असं सांगतोय.

मग वैद्यकी सुरू झाली. आबा शेतावरून आले आणि त्यांनी एका दमात निदान केलं. "वांगं वातूळ शे. बठ्ठा वात डोकामा चढी गया." नानांचंही तेच मत. एवढा हंगाम वांगी चेपली, वात चढणारच, एरंडेल द्या. ऑफिसात ठराव झाल्यासारखं सगळ्यांनी वांग्याला दोषी धरलं, आणि मी त्याला अनुमोदन दिलं. कारण वांग्याचा दोष निघाला तर आमचा कुणाचाच निघत नव्हता. बिचाऱ्याला एरंडेल पाजलं. मग एकाने दृष्ट सांगितली, एकाने एका बाबाकडचा गंडा आणला. दिनकर सगळं घेत होता, पीत होता, बांधून घेत होता. नको म्हणायलाही अंगात काहीतरी असावं लागतं. ते त्याच्यात उरलं नव्हतं, आणि आम्ही म्हणत होतो, बघा, किती समजूतदारपणे औषध घेतो.

आणि मग मी माझं औषध काढलं. माणूस पार्टीत खुलला होता ना, मग पार्टी करू. हंगाम सरत आला होता, वांगी जरड झाली होती, तरी मी शोधून आणली. आबांच्या शेतात काड्या पेटवल्या. दिनकरला इस्त्रीचा शर्ट घालून, दोघांनी दंडाला धरून, जीपमधून आणलं. मुसळ त्याच्या हातात दिलं. त्याने ते धरलं आणि धरूनच राहिला. आम्ही सगळे गोल उभे, चेहऱ्यावर हसू चिकटवून, लहान पोराला पहिलं पाऊल टाकायला लावताना उभे राहतात तसे. वांगी जळायला लागली, कुणी काढीना. मी एकामागून एक किस्से सांगत सुटलो होतो. इतकं वाईट मी कधी बोललो नाही आणि इतक्या जोरात कधी हसलो नाही.

मध्येच दिनकरने मान उचलली. विहिरीकडे बघत म्हणाला, "आबांच्या विहिरीला पाणी किती आहे रे सध्या?"

किती दिवसांनी तो आपण होऊन बोलला होता! मला एवढा आनंद झाला की मी पाण्याच्या खात्यातला माणूस या नात्याने त्याला उत्तर द्यायला लागलो. पुरुषभर असेल, यंदा झरा चांगला आहे, तुझ्या पगारासारखा आटत नाही. लोक हसले. मी पुढे मेपर्यंतचा अंदाजही सांगायच्या बेतात होतो.

वहिनी भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी परातीतून हात काढला, पिठाच्या हातानेच उठून आल्या आणि त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. सगळ्यांदेखत नवऱ्याशी कधी न बोलणारी बाई. अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "तुमले मरी जावासारखं वाटस का?"

आबा ओरडले, असं अभद्र बोलू नये, तोंडातून काढलं की तसं होतं. मलाही तेच वाटलं. वाटलं, हिने काय केलं हे, नसतं त्याच्या डोक्यात भरवून दिलं. दिनकर मात्र तिच्याकडे बघत होता. कित्येक दिवसांत त्याने कुणाकडे असं बघितलं नव्हतं.

"रोज," तो म्हणाला.

आणि मुसळ खाली ठेवून, तिच्या पिठाच्या हातांत तोंड घालून, रडला. आम्ही उभे होतो. जळक्या वांग्यांचा वास सगळ्या शेतभर पसरला होता आणि ती जाळातून काढायचं कुणालाही सुचलं नाही. विचारल्याने त्याच्या डोक्यात काही भरलं नव्हतं. ते तिथे होतंच, आणि ते एकट्याने धरून धरून त्याचे हात गळून गेले होते. वहिनीने फक्त दुसरं टोक धरलं.

त्या दिवसापासून त्याला एकटं सोडायचं नाही एवढं ठरलं. आबा, ज्यांनी वहिनीला दटावलं होतं, ते त्याच्या दाराशी बाज टाकून बसायला लागले. विहिरीवर त्यांनी फळ्या ठोकल्या, आणि कुणी विचारलं तर मांजर पडतं म्हणून सांगायचे.

डॉक्टरकडे न्यायचं हे ठरलं, तेव्हा दुसरा प्रश्न निघाला. मनाचा डॉक्टर जळगावातही होता. पण तिथे कुणी पाहिलं म्हणजे? ऑफिसात कळलं म्हणजे? आबांच्या दोन पोरी लग्नाच्या. तेव्हा धुळ्याला न्यायचं ठरलं, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही. ही युक्ती माझी. मी ती फार हुशारीची म्हणून मांडली. आजारी माणसाला एस.टी.त घालून एरंडोल, पारोळा करत धुळ्यापर्यंत हादरे देत न्यायचं, का, तर लोकांनी आपल्याला पाहू नये. त्याचे हाल होतील हे डोक्यात आलं नाही. आमचे होऊ नयेत एवढंच होतं.

धुळ्यात तो दवाखाना एका गल्लीत होता. मी मफलर डोळ्यांपर्यंत ओढून आत शिरलो. बाकावर समोरच आमचे हेडक्लार्क नाना बसले होते, कानटोपी भुवयांपर्यंत ओढून.

नाना दचकले, मी दचकलो. शेजारी माहेरी आलेली त्यांची लेक होती. तिच्या मांडीवर बाळ होतं आणि ते रडत होतं, आणि ती भिंतीकडे बघत होती. बाळ कुणा दुसऱ्याचं, एखादा उतारू उतरताना विसरून गेलेलं, असं तिने ते धरलं होतं.

"दातासाठी आलो होतो," नाना म्हणाले.

"आम्हीपण," मी म्हटलं.

त्या गल्लीत दाताचा डॉक्टर नव्हता. आम्ही दोघांनी एकमेकांचं म्हणणं मान्य केलं. बऱ्याच वेळाने नाना हळूच म्हणाले, "फार दुखतो का हो त्यांचा?"

"फार."

"आमचाही," नाना म्हणाले आणि बाळाला आपल्या मांडीवर घेतलं.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं, की हे नेहमीचंच आहे. जळगावची माणसं धुळ्याला येतात आणि धुळ्याची जळगावला जातात. एस.टी.चं तेवढं भलं होतं. ते हसले नाहीत, तेव्हा मीही हसलो नाही.

त्यांनी विचारलं, कधीपासून. मी म्हटलं, संक्रांतीनंतर एकदम. मग त्यांनी विचारलं, त्याच्या आधी कसे होते? आता आपला प्रांत आला, म्हणून मी सरसावलो. म्हटलं, आधी? आधी तर विचारू नका, असा मजेदार माणूस खानदेशात नव्हता. आणि मी सांगायला लागलो. झोप सोडल्याचं. गवंडी बोलावल्याचं. भिंतीवरच्या तापीचं. अनोळखी कुटुंब पंगतीला आणल्याचं. बाजेवर उभं राहून जाळ विझेपर्यंत बोलल्याचं. हे माझे हमखास पिकणारे किस्से होते, ऑफिसात, पानाच्या ठेल्यावर, सासुरवाडीला. डॉक्टर लिहीत होते आणि प्रत्येक किश्श्यानंतर एवढंच विचारत होते, "आणखी?" दोन किस्से झाले, तीन झाले, आणि माझा आवाज बारीक व्हायला लागला. कुणी हसत नव्हतं. माझ्या तोंडातून निघणारा एकेक किस्सा टेबलावर पडेपर्यंत लक्षण होत होता. शेवटचा, राज्याभिषेकाचा, मी अर्ध्यातच सोडला.

डॉक्टर म्हणाले, तो आनंदही आजारच होता. चढ आणि उतार, रस्ता एकच. उतार दिसतो म्हणून माणसं इथवर येतात. चढावर कुणी येत नाही, कारण चढावर सगळ्यांना मजा वाटत असते. यात वांग्याचा, दृष्टीचा, त्याच्या स्वभावाचा दोष नाही. गोळ्या चालतील, रक्त तपासत राहावं लागेल, आणि बरं वाटलं म्हणून थांबवायच्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. मला वाटलं, आता त्या मला ते दारातलं बोलणं ऐकवतील. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "भाऊ, पाणी पेतस का?" आणि तांब्या पुढे केला.

उन्हाळ्यापर्यंत दिनकर खुर्ची वळवून बसायला लागला, मग अंघोळ, मग ऑफिस. अबोल तर तो पूर्वीही होता. पण आता हातात एक बारीक थरथर आली, गोळीची. चहाची बशी वाजायची. आणि तो ट्रेसर होता. त्याने श्वास रोखून ओढलेली रेघ थंडीने कुडकुडल्यासारखी यायची. ती ब्लेडने खरवडायची, पुन्हा ओढायची, पुन्हा खरवडायची, शेवटी कागदच फाटायचा. त्याला कुणी रागावलं नाही. साहेबाने फक्त महत्त्वाचे नकाशे दुसऱ्याकडे वळवले. दिनकर मोकळ्या टेबलाशी बसून जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या नीट लावत बसायचा. पानाच्या ठेल्यावर एक जण म्हणाला, काही म्हणा, आधीचा दिनकर काय होता राव. आणि मी, सगळं माहीत असलेला, म्हणालो, "हो ना."

दिवाळीनंतर एक दिवस त्याने मला टेबलाशी बोलावलं. कागदावर एक रेघ होती. कालव्याची, लांबच लांब, एकसारखी, केसासारखी. थरथरीचा मागमूस नाही. मी तिच्यावरून नजर फिरवली आणि सगळ्यांना हाका मारून ती दाखवली. म्हटलं, बघा, दिनकर बरा झाला. त्याने मान खाली घालून ओठाच्या कोपऱ्याने हसून घेतलं.

गोळ्या त्याने सोडल्या होत्या. रेघेसाठी. इतकी सरळ रेघ ही धावत जाऊन वहिनीला सांगायची गोष्ट होती, आणि मी त्या रेघेवर पेढे मागितले. काय काय लक्षण असू शकतं, देवा! माणसाचं रडणं असू शकतं हे कळायला मला एक हिवाळा लागला. हसणं असू शकतं हे कळायला डॉक्टर लागला. पण माणसाला जे सगळ्यात चांगलं येतं तेच त्याला पुन्हा यायला लागणं, हे कुणी कसं ओळखावं? आणि ओळखून त्याला काय सांगावं? तुझी रेघ वाकडीच बरी?

लोक विचारतात म्हणून सांगतो, दिनकर आहे. ट्रेसिंगचे कागद गेले, ते ऑफिस गेलं, तो आहे. दर थंडी त्याने आणि वहिनीने एकेक करून ओलांडली आहे. काही चालत, काही अक्षरशः रांगत. पण मला ती दुसरी थंडीच आठवते, कारण तिच्यात मला सगळं माहीत होतं आणि त्याने काही सोपं झालं नाही.

एके सकाळी दार वाजलं. धुकं होतं, दिनकर दारात, अंगात नुसता सदरा, पाठीमागे दमलेल्या वहिनी. त्याने दारातच माझी नक्कल सुरू केली, मी उठून मफलर कसा शोधतो त्याची. मी हसलो. खरं हसलो, पोटातून, थांबवता आलं नाही. कारण ती नक्कल अप्रतिम होती. हसता हसता मी वहिनीकडे पाहिलं आणि चपला घातल्या. दिनकरला धुळ्याला जायचं म्हटल्यावर तो आनंदाने तयार झाला. तो त्या दिवशी चंद्रावर जायलाही तयार झाला असता.

त्या बसने तेवढी करमणूक आयुष्यात पाहिली नसेल. कंडक्टरची तिकीट फाडायची लकब, ड्रायव्हरचं खोकणं, शेळी घेऊन चढलेल्या म्हातारीशी शेळीच्या वतीने भांडण. एरंडोलला चढलेले लोक उतरायचं ठिकाण विसरायला लागले. पारोळ्याला त्याने खिडकीतून पेरूवालीची अख्खी पाटी घेतली आणि बसभर वाटली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मागच्या बाकावरून लोक पुढे येऊन उभे राहिले. वहिनी समोर बघत होत्या, मांडीवर एक पेरू तसाच. मी दिनकरला शाल पांघरली होती आणि शालीखाली त्याचं मनगट धरून बसलो होतो. नाडी पाखरासारखी उडत होती.

धुळं जवळ आलं तसा तो माझ्या कानाशी वाकला. आवाज अचानक जुना, टेबलाशी बसलेल्या दिनकरचा.

"वसंता, तिथे उतरलो की पुन्हा हात थरथरणार ना?"

खोटं बोलायची मला भारी सवय. त्या दिवशी एकही सुचलं नाही. "हो," मी म्हटलं.

"मग तोवर हसवू दे यांना," तो म्हणाला आणि वळून कंडक्टरच्या आवाजात 'पुढे सरका' म्हणून ओरडला. सगळी बस पुन्हा हसून फुटली.

पुढच्या बाकावरचे एक आजोबा डोळे पुसत माझ्याकडे वळले. "भाऊ, नशीबवाला शेतस तुम्ही," ते म्हणाले. "असा दोस्त आम्हले नही भेटना."

मी मान डोलावली. मनगट सोडलं नाही. बस धुळ्यात शिरत होती.